टायरला काही झालेलं नाही

"टायरला काही झालेलं नाही," टायरवाला म्हणाला. त्याने हे आमच्याकडे बघून सांगितलं असतं तर निदान तोंड कसं करायचं ते तरी मी ठरवलं असतं. पण तो उकिडवा बसला होता. मागच्या चाकाच्या रबरात त्याने अंगठ्याचं नख रुतवलं, नखाखाली आलेला काळा मळ दुसऱ्या नखाने कोरला, कोरलेला मळ बोटांत चोळला आणि ती बोटं नाकाशी नेली. माझी डेंटल लॅब आहे. कवळ्या आणि कॅपा करतो. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवतात, त्यांत कधी सकाळचा नाश्ता अडकलेला असतो, कधी सांगण्यासारखं नसतं असं काही. तेव्हा मला सहसा किळस येत नाही. पण त्या माणसाने नाक फेंदारून तो वास आत ओढला तेव्हा मला वाटलं, संपलं, आता हा सांगणार कशाचा वास आहे ते. "रबर एकदम जिवंत आहे साहेब," तो म्हणाला. "नक्षी भरपूर आहे. आणि इतके स्वच्छ टायर मी आयुष्यात पाहिले नाहीत. खाचांखाचांत ब्रश फिरवलाय कोणीतरी. कशाला बदलताय?" मी हसलो. मला हसायचं नव्हतं, पण माझे दात स्वतःच्या लॅबमधले आहेत आणि संकटात ते आपोआप बाहेर येतात. शेजारी दादा उभे होते. ते हसले नाहीत. त्यांनी फक्त शर्टाच्या वरच्या खिशावर हात ठेवला, आत घडी करून ठेवलेला कागद जागेवर आहे ना ते बघायला.

दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. एकतीस वर्षं शहर बसवर ड्रायव्हर. एकतीस वर्षांत त्यांनी कोणाचा आरसासुद्धा फोडला नाही, आणि हे ते कधी सांगत नाहीत, बाकीचे सांगतात. खिशातला कागद म्हणजे हलक्या कामासाठीचा अर्ज. बस सोडून डेपोतल्या खिडकीपाशी बसायचं, सकाळी चाव्या द्यायच्या, संध्याकाळी मोजून परत घ्यायच्या. अर्ज आज चारच्या आत द्यायचा होता. नाव, बिल्ला क्रमांक, सगळं भरलेलं होतं, फक्त 'कारण' हा रकाना कोरा होता. तो त्यांनी माझ्यासाठी कोरा ठेवला होता. कारण त्यांनी बस सोडायची म्हटल्यापासून मी त्यांना सांगत होतो, दादा, टायरच खराब होते हो, तुमची काही चूक नाही. शेवटी परवा ते म्हणाले, "मग एकदा जाणकार माणसाला दाखवू. तो म्हणाला टायर खराब, तर मी अर्ज फाडतो." मी म्हटलं, चला. मला काय वाटलं होतं सांगू? मला वाटलं होतं, टायर विकणारा माणूस आहे, गिऱ्हाईक स्वतःहून चार टायर बदला म्हणतंय, तो कशाला म्हणेल चांगले आहेत म्हणून? सगळ्या शहरात एवढा एकच प्रामाणिक टायरवाला असेल आणि तोच मला सापडेल हे मला कसं कळणार.

"नीट बघा ना," मी म्हणालो. "वरून चांगले दिसत असतील. आतून जुने असतील. रबर मेलेलं असतं म्हणे आतून." टायरवाल्याने माझ्याकडे पाहिलं, एखादा पेशंट स्वतःच्या दाताबद्दल डॉक्टरला शिकवायला लागला की डॉक्टर बघतात तसं. मग त्याने टायरच्या कडेवरचे चार आकडे बोटाने पुसून दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. "दीड वर्ष. अजून मिसरूड फुटायचंय याला." दादा खाली वाकले आणि त्यांनीही ते आकडे वाचले. ओठ हलवत, सावकाश. त्यांचं ते वाकणं मला सहन होत नव्हतं. त्यांच्या मानेवर, कॉलरच्या वर, हजामत करताना राहून गेलेले चार पांढरे केस होते आणि घामाचा एक थेंब त्यांच्यातून वाट काढत होता. त्या थेंबाचा मला विलक्षण राग आला. स्वतःचा आला पाहिजे तेव्हा मला नेहमी दुसऱ्याच कुठल्यातरी ओल्या गोष्टीचा राग येतो.

गाडी माझी. पिवळी, दोन माणसांची, जमिनीपासून वीतभर उंच. दात सरळ करणाऱ्या एका डॉक्टरची होती, त्याची कंबर गेली म्हणून त्याने विकली आणि माझी अजून जायची होती म्हणून मी घेतली. वय एकोणपन्नास. तिच्यात बसताना आधी पाय, मग ढुंगण, मग उरलेला मी असा तीन हप्त्यांत जातो. उतरताना दाराबाहेर आधी डोकं येतं आणि मग एखाद्याने ओढून काढल्यासारखा बाकीचा ऐवज. बायको म्हणते, "बाळंतीण कोण आणि बाळ कोण तेच कळत नाही." रविवारी सकाळी मी ती पेट्रोलपंपापर्यंत नेतो आणि परत आणतो. बाकी आठवडाभर तिला पुसतो. पुसणं हा माझा खरा छंद. पॉलिश हा माझा धंदाच आहे म्हणा ना. कवळी झाली की ती बफाच्या चाकावर धरायची, गुलाबी हिरडी चकाकेपर्यंत, मग आतली बाजू, जी कोणाला दिसणार नाही तीसुद्धा. अर्धवट चकाकणारी वस्तू माझ्याने बघवत नाही. त्या दिवशी सकाळी, तीन महिन्यांपूर्वी, मी आमच्या बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये टायरला चमक आणणारं ते बाटलीतलं पॉलिश लावत होतो. कडेला लावलं. कडा अशा काळ्याभोर झाल्या, ओल्या, खाव्याशा वाटाव्यात अशा. आणि मधला भाग, रस्त्याला टेकतो तो, राखाडी, धुळकट, म्हाताऱ्याच्या टाचेसारखा. मला ते बघवेना. गाडी वीतभर पुढे, वीतभर मागे करत मी चारही टायरांच्या मधल्या भागाला पॉलिश लावलं. एकदा. वाळल्यावर पुन्हा एकदा.

तेवढ्यात दादा आले, बहिणीला भेटायला, सुटीच्या दिवशी. मी खुशीत होतो. म्हटलं, "दादा, आज तुम्ही चालवा! बसवाल्याच्या हाताला जरा खरी गाडी लागू दे." हे वाक्य मी हजार वेळा आठवलंय. माझं औदार्य बघा, त्यातही टोमणा होता. दादा नको नको म्हणत बसले. आमच्या तळघरातून वर यायला गोल वळणाचा उतार आहे, वरच्या तोंडाशी गुळगुळीत फरशी, आणि फरशीच्या पलीकडे तळमजल्यावरची दुकानं. त्यातलं समोरचं गाद्यांचं. दादांनी गाडी अशी वर आणली, जसं आजारी माणसाचं स्ट्रेचर आणावं. सायकलपेक्षा हळू. आणि शेवटच्या वळणावर गाडीने दादांचं ऐकणं सोडलं. ब्रेक लागला होता, चाकं थांबली होती, गाडी मात्र आडवी होऊन, अगदी शांतपणे, एखादी जाडजूड बाई लग्नाच्या फोटोसाठी सरकते तशी सरकत गेली. दुकानाच्या पुढ्यात मांडलेल्या एका गादीवर एक म्हातारे गृहस्थ बूट काढून, डोळे मिटून, गादी तपासत पडले होते. गाडीने त्यांच्या गादीखाली नाक खुपसलं आणि त्यांना फूटभर वर उचललं. गृहस्थांनी डोळे न उघडता सेल्समनला विचारलं, "ही स्प्रिंगची का?"

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. बंपर गेला, दोन गाद्या गेल्या. पण दुकानातल्या कोणीतरी ते सगळं फोनवर घेतलं होतं. चौदा सेकंद. त्यात गाडी दिसते, गृहस्थ वर जाताना दिसतात, आणि काचेतून दादांचा चेहरा दिसतो. दोन्ही हात स्टिअरिंगवर, दहा वाजून दहा मिनिटं दाखवणाऱ्या घड्याळासारखे, अगदी नियमाप्रमाणे, आणि तोंड उघडं. आठ दिवसांत ते डेपोतल्या प्रत्येकाच्या फोनवर होतं. दादांना सगळे 'गादी' म्हणायला लागले. "गादी, आज कुठला रूट?" प्रवाशांतल्या पोरी चढताना विचारायच्या, "काका, झोपवणार नाही ना?" दादांना चिडवलेलं चालतं. त्यांना चाललं नाही ते वेगळंच. ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही, हे त्यांच्या पायाला समजेना. ते बस इतकी हळू चालवायला लागले की मागची बस त्यांना गाठायची आणि त्यांच्याच थांब्यावरचे प्रवासी घेऊन पुढे जायची. एकदा म्हणे ते पुलावर मध्येच थांबले, पाच मिनिटं, सगळे हॉर्न वाजवतायत, आणि हे पायाकडे बघत बसलेत.

आणि मी? मी त्याच संध्याकाळी बाटली वाचली होती. बाटलीच्या मागे, लाल अक्षरांत: टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या भागावर लावू नये. गाडी घसरू शकते. मी ते दोनदा वाचलं, अगदी समजून घेऊन वाचलं, जसं काही उद्या परीक्षा आहे. मग तळघरात जाऊन साबणाच्या पाण्याने, लॅबमधला कवळ्या घासायचा ब्रश घेऊन, एकेक खाच घासली. बाटली शेजारच्या बिल्डिंगच्या कचऱ्यात टाकली. आमच्या नाही, शेजारच्या. माणूस किती सावध असतो बघा, ज्या गोष्टी टाळायला हव्यात त्या सोडून बाकी सगळ्यांबाबत. आणि वर जाऊन, हात पुसत, सोफ्यावर मान खाली घालून बसलेल्या दादांच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणालो, "होतं हो दादा. वय झालं की होतं असं." माझ्या हाताला साबणाचा आणि त्या पॉलिशचा मिळून एक गोडसर वास येत होता. दादांनी माझा हात थोपटला. बायको स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे इतक्या मायेने बघत होती की मी पुन्हा हात धुवायला गेलो.

"मग बदलायचेच आहेत का?" टायरवाला विचारत होता. त्याने चहा मागवला होता. चहावर साय धरली होती, तिला मधोमध सुरकुती. "बदलायचेच," मी म्हणालो. म्हणजे बघा, मला अजूनही वाटत होतं, निदान नवे चांगले टायर घेतले की जुने आपोआप वाईट ठरतील. टायरवाल्याने उसासा टाकला आणि भिंतीपाशी नेलं. टायर असे रचलेले, जमिनीपासून छतापर्यंत, काळे, नवे, आणि त्यांच्या अंगावर ते बारीक रबराचे केस, एखाद्याच्या कानात असतात तसे. "गाडी चालवता कशी?" त्याने विचारलं. "म्हणजे?" "जोरात? वळणावर दाबता?" मी म्हणालो, "तशी दाबतो," आणि दादा माझ्याकडे बघतायत हे जाणवून म्हणालो, "मध्यम." टायरवाल्याने एक टायर काढला. "हे शर्यतीवाल्यांचे. रबर मऊ. पण गरम झाल्याशिवाय पकडत नाहीत. ते गरम होईस्तोवर तुम्ही घरी पोचून जेवलेले असाल." दुसरा काढला. "हे कडक. वर्षानुवर्षं जातील. नातवाला द्याल. पण अशा गाडीला हे म्हणजे पैलवानाला लाकडी चपला." दादांनी विचारलं, "ओल्या रस्त्यावर कुठला थांबतो?" टायरवाला त्यांच्याकडे वळला. त्याचा आवाज बदलला, धंद्याच्या माणसाने धंद्याच्या माणसाशी बोलावं तसा झाला. "तुम्ही काय चालवता?" "बस," दादा म्हणाले, आणि मग लगेच, "चालवायचो." ते 'यचो' माझ्या कानात दाताच्या फटीत अडकलेल्या दोऱ्यासारखं राहिलं.

मग त्या दोघांचं चालू झालं. पाणी खाचांतून कसं बाहेर फेकलं जातं, पुढचे अरुंद आणि मागचे रुंद का, हवा कमी असली की कडा खाल्ल्या जातात आणि जास्त असली की मध्य. दादा प्रत्येक टायरवर पंजा ठेवायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि क्षणभर थांबायचे. तीन महिन्यांत ते एवढं बोललेले मी ऐकलं नव्हतं. मी बाजूला उभा राहून त्या मऊ टायरांतला एक दाबत होतो. दाबला की आत जायचा, सोडला की सावकाश परत यायचा. हिरडीसारखा, दात काढून आठवडा झालेल्या हिरडीसारखा. मला एक बाई आठवल्या. निवृत्त शिक्षिका. त्यांची खालची कवळी मी चुकीची केली होती, ठसा वाळायच्या आत हलला होता, मला माहीत होतं. पण वरून ती इतकी सुंदर चकाकत होती की मी पाठवून दिली. बसेना. डॉक्टरने मला फोन केला, मी म्हणालो, पेशंटचा जबडा आक्रसला असेल. डॉक्टरने त्यांना तसंच सांगितलं. त्या बाई दोन महिने आरशासमोर बसून 'स' आणि 'श' घोटत होत्या, चाळीस वर्षं पोरांना शिकवलेले. हे मला डॉक्टरनेच हसत हसत सांगितलं. मीही हसलो होतो.

"हाच द्या," मी ओरडलो. दोघे दचकले. मी भिंतीवरच्या सगळ्यात वरच्या, वेगळ्या मांडलेल्या, दिवा सोडलेल्या टायरकडे बोट दाखवत होतो. "सगळ्यात भारी ना हा? ओल्यात, कोरड्यात, सगळीकडे पकडणारा? मग हाच. चारही. आत्ता." टायरवाला माझ्याकडे बघत राहिला. मग दादांकडे. मग हळूच म्हणाला, "साहेब, मी इथे विकायलाच बसलोय." "मग विका!" "अहो पण तुमच्या गाडीला आत्ता आहेत ते हेच आहेत."

कोणीतरी मागे हवेचा पाइप सोडला, फुस्स करून. दादा म्हणाले, "म्हणजे सगळ्यात चांगलेच होते." हे ते मला म्हणाले नाहीत, टायरवाल्यालाही नाही. डॉक्टरने रिपोर्ट वाचून दाखवल्यावर माणूस शेवटचा शब्द पुन्हा म्हणतो तसं. मग त्यांनी खिशातून अर्ज काढला, टायरांच्या एका उतरंडीवर पसरला, तळहाताने घडी मोडली. "पेन आहे का हो?" टायरवाल्याने कानामागचं पेन दिलं. दादांनी 'कारण'पाशी टोक टेकवलं आणि तसंच ठेवलं. मग माझ्याकडे बघून ओशाळं हसले. त्यांचे पुढचे दोन दात मी केलेले, फुकट, आणि ते फुकट केलेत हे मी कोणाला ना कोणाला दर वर्षी सांगतो. "तुम्हीच लिहा," ते म्हणाले. "तुमचं अक्षर चांगलं. लिहा, वयामुळे हाताचा अंदाज राहिला नाही."

आणि मी पेन घेतलं. हे मला सांगायलाच हवं, मी पेन घेतलं. मी 'व' काढला. माझं अक्षर खरंच चांगलं आहे. 'व'चं पोट गोल आलं, दांडा सरळ आला, आणि तेवढ्यात, त्या तेवढ्याशा क्षणात, मला तो 'व' आवडला. मग 'य'. आणि 'य' काढताना माझ्या घशात खालून काहीतरी चढलं. धैर्य वगैरे नव्हे, कोणी तसं समजू नये. बसमध्ये पोटात ढवळलं की माणूस खिडकी शोधतो, त्यात धैर्य कसलं. "मी पॉलिश लावलं होतं," मी म्हणालो.

"कशाला?" दादा म्हणाले. "टायरला." टायरवाला म्हणाला, "मग त्यात काय, सगळेच लावतात. कडेला." "मध्ये पण," मी म्हणालो. टायरवाल्याने चहाचा कप खाली ठेवला. "मध्ये म्हणजे? रस्त्याला लागतो तिथे?" "हो." "चारही?" "चारही." "किती लावलंत?" "दोनदा." टायरवाला एका टायरवर बसला. त्याचे खांदे हलायला लागले, मग पोट हलायला लागलं, मग तो मोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "अहो, त्याच्यावर मुंगी उभी राहणार नाही! ड्रायव्हरसाहेब, तुम्ही गादीपर्यंत आणलीत हेच पुष्कळ! दुसरा असता तर दुकानाच्या पलीकडून बाहेर निघाला असता!" ते चौदा सेकंद त्याच्याही फोनवर असणार, मला आता कळलं. त्याने दादांना ओळखलं होतं, दुकानात शिरलो तेव्हाच, आणि तोंडातून ब्र काढला नव्हता.

दादा हसले नाहीत. ते आपल्या उजव्या पायाकडे बघत होते. त्यांनी तो पाय जरासा उचलला, टाच जमिनीवर ठेवून, आणि चवडा हळूच खाली दाबला. पुन्हा उचलला. पुन्हा दाबला. मग वर बघून विचारलं, "तुला कधी कळलं?" एकोणीस वर्षं ते मला 'तुम्ही' म्हणत आले, बहिणीचा नवरा म्हणून, मी त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान असून. "त्याच संध्याकाळी," मी म्हणालो. आणि आता कबूल करतो, तोवर मला बरं वाटायला लागलं होतं. हलकं. ओकल्यावर वाटतं तसं, कपाळावर गार. मला वाटत होतं, आता दादा मिठी मारतील. मोठ्या मनाचा माणूस आहे. म्हणतील, सांगितलंस तरी. मी खांदे जरा सैलसुद्धा सोडले होते, मिठीसाठी.

"तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"वय झालं म्हणालास."

दादांनी अर्ज उलटा केला. मागची बाजू कोरी होती. "लिही," ते म्हणाले. "सगळं. तुझ्या हाताने. खाली सही कर." मी लिहायला लागलो. उतरंडीवर कागद हलत होता, खालून रबराचा वास येत होता, आणि मी लिहिलं: 'खाली सही करणारा असे नमूद करू इच्छितो की, अनवधानाने माझ्याकडून टायरच्या पृष्ठभागावर काही प्रमाणात चमकदार द्रव्याचा वापर झाला असण्याची शक्यता आहे.' दादांनी वाचलं. ओठ हलवत, सावकाश. "अनवधानाने म्हणजे?" "म्हणजे चुकून." "दुसऱ्यांदा पण चुकून?" मी 'अनवधानाने' खोडलं. "शक्यता कसली? तुझाच हात होता ना?" शक्यता खोडली. "द्रव्य काय," टायरवाला मागून वाकून बघत म्हणाला, "पॉलिश लिहा की." द्रव्य खोडलं. तेवढ्यात आणखी एक गिऱ्हाईक आलं, स्कूटरचं चाक हातात घेऊन, तेही वाचायला लागलं. "काही प्रमाणात म्हणजे किती?" त्याने विचारलं. "दोनदा," टायरवाल्याने त्याला सांगितलं, घरच्या माणसासारखं. "बाप रे," स्कूटरवाला म्हणाला. शेवटी कागदावर एवढं उरलं: मी टायरच्या मधल्या भागाला दोनदा पॉलिश लावलं. त्यामुळे गाडी घसरली. मला त्याच संध्याकाळी कळलं. मी तीन महिने सांगितलं नाही. उलट यांनाच म्हणालो की तुमचं वय झालं. खाली माझी सही. चार वाक्यांनी भागेल असं वाटलं होतं, पण पाचवं दादांनी स्वतः सांगून लिहून घेतलं. खाडाखोडीने कागद इतका घाण दिसत होता की माझे हात शिवशिवत होते. "दुसऱ्या कागदावर स्वच्छ लिहून देऊ का?" मी विचारलं. दादा म्हणाले, "नको."

मग त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, आली मिठी. ते चावी मागत होते. "टायर?" मी टायरवाल्याकडे बघून पुटपुटलो. "आहेत तेच ठेवा," तो म्हणाला. "आणि आता त्यांना काही लावू नका. पाणीसुद्धा विचारून लावा." दादा गाडीत बसले, एका हप्त्यात, मी कधीच न बसलेल्या सफाईने. मी शेजारी, तीन हप्त्यांत. दुकानातून बाहेर पडून त्यांनी डावीकडे वळण घेतलं आणि मला कळलं की गेलं वर्षभर मी ही गाडी चालवत नव्हतो, नुसता तिच्यात बसत होतो. चौकातल्या सिग्नलपाशी त्यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली. पांढऱ्या पट्ट्याच्या आत, बोटभर. मागून कोणी येत नाहीसं बघून त्यांनी पुढच्या रिकाम्या रस्त्यावर पुन्हा दाबला, जरा जोरात. थांबली. माझं कपाळ काचेपर्यंत गेलं आणि परत आलं. "पट्टा लाव," ते म्हणाले. आणि पुन्हा दाबला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होत होतं. तो आनंद असेल तर माझ्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मी पट्टा धरून, पोटातला साय आलेला चहा सांभाळत बसलो होतो. त्यांना विचारायचं होतं, आता बायकोला कोण सांगणार. विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं.

डेपोत ड्रायव्हर लोकांची बसायची खोली लांबट आहे. दोन्ही बाजूंना बाकं, मध्ये टेबल, वर तीन पंखे खडखडत असतात. दुपारच्या पाळीची पंचवीसेक माणसं बसली होती, बूट सैल करून, डबे उघडून. कोणीतरी दारातच "आली गादी!" म्हणालं, आणि बाकीचे सवयीने हसले. दादांनी कागद माझ्या हातात दिला. मॅनेजरच्या खोलीकडे नाही, इथे. "वाच," ते म्हणाले. मी म्हणालो, "दादा, आधी साहेबांना देऊ, मग ते नोटीस बोर्डावर..." "मोठ्याने वाच."

मी वाचलं. पहिल्या खेपेला वाक्यं पायाशीच पडली. चावायचे थांबलेले पंचवीस जबडे माझ्याकडे बघत होते. शेवटच्या बाकावरून एकजण कानाला हात लावून म्हणाला, "मागे काही ऐकू आलं नाही. काय लावलं म्हणतोय?" "पुन्हा वाच," दादा म्हणाले. मी खाकरलो. दुसऱ्या खेपेला आवाज लागला. 'मी टायरच्या मधल्या भागाला दोनदा पॉलिश लावलं' यानंतर मी थोडा थांबलो, आणि खोली खरोखरच शांत झाली. कोणीतरी "आयला" म्हणालं. कोणीतरी दादांकडे बघून डब्याचं झाकण लावलं आणि उठून उभं राहिलं. 'मी तीन महिने सांगितलं नाही' इथे मी आवाज किंचित खाली आणला. तो कापरा आला, अगदी हवा तसा, आणि पहिल्या बाकावरच्या एका पोक्त ड्रायव्हरचे डोळे ओलावलेले मला दिसले. माझ्यासाठी. मला ते दिसलं, आणि पुढचं वाक्य मी आणखी सावकाश, आणखी चांगलं म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा दादांनी माझ्या दंडाला धरलं.

"छान वाचू नकोस," ते म्हणाले. "पहिल्यापासून. नुसतं वाच."